खुर्शीदाची घागर

माझं नाव अब्दुल गनी. सुलतानपुरात माझं पिंजाऱ्याचं दुकान आहे. गाद्या, रजया, उशा भरून देतो. घर दुकानाला लागूनच.

ज्या वर्षी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली, त्या हिवाळ्यात माझी बायको खुर्शीदा गेली. कावीळ झाली होती. अळीनं खाल्लेल्या डागी कापसाला आम्ही कवडी म्हणतो. व्यापारी तो घेत नव्हते, म्हणून लोकांनी गाद्यांसाठी माझ्याकडे आणला. दुकान छतापर्यंत भरलं. एवढं काम आयुष्यात कधी आलं नव्हतं, आणि ते सांगायला घरात कोणी नव्हतं.

आमच्या मुलीचं, समीनाचं लग्न त्याच वर्षी व्हायचं होतं. खुर्शीदा गेली, नवऱ्या मुलाकडची कपाशीही गेली, म्हणून ते वर्षभर पुढं गेलं. तारीख पुन्हा ठरली तेव्हा समीना म्हणाली, "अब्बा, मेहंदीले गाणी नोको."

आमच्यात रीत अशी की मेहंदीच्या दिवशी पहिली थाप मुलीच्या आईची. त्यानंतर बायका गातात. खुर्शीदा ढोलक वाजवत नसे. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, घागर पालथी घालून ती वाजवायची. आसपासच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. आई नसेल तर फुप्पी, म्हणजे आत्या, थाप देते, पण समीनाला ते नको होतं. अम्मीची थाप नाही तर कोणाचीच नाही.

मुकी मेहंदी मला बघवली नसती.

ती घागर मी चाळिसाव्या दिवशी तिच्या कपड्यांबरोबर देऊन टाकली होती. कोणाला दिली तेही आठवत नाही. रेकॉर्डिंगही नव्हतं. बायका गात असताना खुर्शीदा मोबाईल काढू देत नसे.

माझा पुतण्या मोईज लोणारला स्टँडजवळ बँडवाल्यांना गाणी बनवून देतो. एक खोली, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर. खुर्शीदाच्या थापेसारखा आवाज बनवून घ्यायला मी त्याच्याकडे गेलो. त्यानं आधी चार घागरी आणून वाजवून पाहिल्या. एकही तिच्यासारखी बोलली नाही.

"चाचा, आता एकच रस्ता," तो म्हणाला. "घागरच नोको. आवाज कोरा बनवू."

त्याच्याजवळ एक सॉफ्टवेअर होतं. त्यात कोणाचा वाजवलेला ढोल भरलेला नसतो. आवाज शून्यातून उभा करायचा. एक थर पोटातल्या घुमाऱ्याचा, एक थर हाताच्या फटक्याचा, हवा तर तिसरा. थाप किती वेळ टिकावी, कशी विरावी, ते माऊसनं रेघ ओढून ठरवायचं. झालेला आवाज वेगळा काढून गाण्यात बसवता येतो.

"केवढ्याचं हाय?"

"फुकट."

"आज फुकट. मंग महिन्यानं मांगतीन."

"नाही चाचा. बनवणारे लोकं जगभर बसले हायेत, आपला टाईम देऊन राह्यले. ज्याले वाटलं तो खुशीनं पैसे धाडते. आतली सारी लिखावट उघडी हाय. कोणीबी पाहा, बदला, दुसऱ्याले द्या."

"बियाण्याच्या पाकिटासारखं नाही म्हणा."

"बिलकुल नाही. याचं बी घरी ठेवता येते."

आम्ही तीन दिवस बसलो. मी डोळे मिटून ऐकायचो आणि सांगायचो. आणखी खाली. फटका कमी. टोक बोथट कर. मोईज वरचा आवाज कापत गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं वाजवलं आणि मी डोळे उघडले. तीच होती. मी त्याला पुन्हा लावायला सांगितलं. सात-आठ वेळा ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी समीना बांगड्या भरायला लोणारला आली. मी तिला मोईजच्या खोलीवर नेलं, खुर्चीवर बसवलं.

तिनं ऐकलं. "काय हाय हे, अब्बा?"

"तुह्या अम्मीची घागर."

तिनं स्पीकरला कान लावला. मग म्हणाली, "ही अम्मीची नाही. हे तं कोणी उशी बडवून राह्यलं."

मोईज हसला. मला राग आला. "सव्वीस वर्सं ऐकली म्या. तू मले सांगतं?"

"तुम्ही कुठून ऐकली?"

"दुकानातून."

"हाव ना. मधात भिंत, आन् भिंतीले लागून कापसाचे ढीग."

बायकांच्या बैठकीत पुरुष बसत नाहीत. मी कधी बसलो नव्हतो. तीन दिवस मी मोईजकडून घागरीवर कापूस रचून घेतला होता.

समीनानं खुर्ची पुढं ओढली. "मोईजभाई, वरचा आवाज वापस आणा. आन् आंगठी कुठी हाय?"

"कोणती आंगठी?" मी विचारलं.

"अम्मीची चांदीची. वाजवताना आंगठ्यात घालायची ती. थापेच्या मांगं काठावर टिच मारायची."

ती अंगठी मी निकाहच्या वेळी दिली होती. बोटाला ढिली झाली. मला ती नेहमी पेटीतच दिसायची. आवडली नसेल, असं मी धरून चाललो होतो. खुर्शीदाला कधी विचारलं नाही.

मोईजनं तिसरा थर लावला. समीना सांगत होती, तो रेघा ओढत होता. तासाभरानं तिनं मान हलवली आणि डोळे पुसले. आवाज लख्ख होता, थोडा कर्कशही. थापेच्या मागून ती टिच यायची. मला तो अनोळखी वाटला. तिला विचारलं, "अशीच वाजवायची?"

"अशीच. आन् हसायची."

मोईज म्हणाला, "चाचा, तुमचावाला मिटवू?"

"राहू द्या," समीनाच म्हणाली. "दोन्ही राहू द्या."

मेहंदीच्या दिवशी तिनं मला दुकानात जाऊ दिलं नाही. बायकांच्या मागे, दारापाशी बसवलं. मोईजनं स्पीकर आत ठेवून दिला होता. समीनानं मेहंदीचा हात वर धरून दुसऱ्या हातानं बटण दाबलं. पहिली थाप, मागून टिच.

मग शेजारच्या झुंबरबाईंनी समोरची परात पालथी घातली आणि तोच ठेका धरला. बाकीच्यांनी आवाज लावला. समीनाही गायला लागली.

एक गाणं झालं. झुंबरबाई मागं वळल्या.

"गनीभाऊ, झालं ना? उठा आता. पुढची गाणी पुरुषांनी ऐकायची नाहीत."

बायका हसल्या. समीनाही हसली. मी चपला घातल्या आणि बाहेर आलो.