लोणी लागलेली काडी

येशी पहाटे ओढ्यावर गेली, पण पाण्यासाठी नाही. घागर कधीच भरून झाली होती. तिला एक माणूस हवा होता, आणि तोही परका.

त्या दिवशी बापाच्या जमिनीची वाटणी होती. गोज्जामच्या मुलखात वाटणी म्हणजे गावचे म्हातारे चामड्याचा दोर टाकणार, तुकडे पाडणार, प्रत्येक वारसाकडून त्याच्या खुणेची एक काडी घेणार. मग वाटेनं जो पहिला परका येईल त्याला थांबवायचं आणि सांगायचं, ठेव बाबा एकेका तुकड्यावर एकेक काडी. कुणाची कुठली ते त्याला माहीत नसतं. त्याचा हात तो देवाचा हात. मग भांडायचं कुणाशी?

येशीची देवाशीही भांडायची तयारी होती.

तुकडे तीन. वरचा कड्यालगतचा, नुसते दगड. मधला घरामागचा, बरा. आणि खालचा ओढ्याकाठचा. आज जो उठेल तो म्हणत होता, काय काळी माती आहे! सात वर्षांपूर्वी नवऱ्याशी फारकत घेऊन, हिश्शाला आलेला एक बैल ओढत येशी माहेरी आली, तेव्हा तिथं काटे आणि धोंडे होते. बाप म्हणाला होता, "ते साफ कर आणि खा. तुझंच ते." तिनं धोंडे पाठीवर वाहिले. बांध घातला. एक नख त्यात गेलं ते परत धड उगवलंच नाही. पण बाप हे बोलला तेव्हा साक्षीला एक शेळी होती फक्त. आता बाप गेला, आणि म्हातारे म्हणाले, साक्ष नाही ना? मग घाला दोरात.

थोरला भाऊ गेलाव आदल्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाला, "येशे, तुला कशाला ती जमीन? नांगर कोण धरणार? बाईचा हात नांगराला लागला तर बैल मटकन खाली बसतात."

"तुझा लागतो तेव्हाही बसतातच की. कंटाळून."

धाकटा एन्गदा खदाखदा हसला, आणि येशी त्याच्यावरच उखडली. बारा वर्षं हा सरदाराच्या फौजेत, अबाय नदीच्या पलीकडे. बापाला पुरल्यावर महिन्यानं उगवला, एक भाला आणि एक बैल घेऊन. धोंडे वाहताना कुठं होता? आणि आता रोज संध्याकाळी खालच्या रानात जाऊन पावलं मोजतो! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत उलटा. तिनं बांधाआडून दोनदा बघितलं होतं. डोळा आहे ह्याचा, तिनं ठरवून टाकलं.

उन्हं यायच्या आत मिठाच्या विटा लादलेली दोन गाढवं ओढ्यावर आली. मागं त्यांचा मालक, केसात धूळ, पायात काटा.

"बस. काटा काढून देते," येशी म्हणाली.

"फुकट?"

"फुकट कोण काय करतं?" तिनं त्याच्यापुढं दह्याचं गाडगं ठेवलं. "वर गेलास की म्हातारे तुला धरतील. तीन काड्या देतील. त्यातली एक बोटाला ओशट लागेल. ती ओढ्याकाठच्या तुकड्यावर ठेव."

व्यापाऱ्यानं दही संपवलं, मिशी पुसली. "देव बघतोय, बाई."

"बघू दे. सात वर्षं नुसता बघतच होता."

घरी येऊन तिनं जैतुनाची काडी तोडली, टोकाला आपल्या खुणेचे तीन दात उमटवले. मग डोक्याला लोणी चोपडलं, सणासुदीला चोपडतात तसं, आणि तीच बोटं काडीवरून फिरवली.

सगळं तिच्या मनासारखं झालं. आबा बोगाले, म्हाताऱ्यांतला सगळ्यात म्हातारा, काड्या ओंजळीत हलवून व्यापाऱ्याच्या हातात देता झाला. व्यापारी वर गेला, मध्ये आला, खाली गेला. एकदाही येशीकडं बघितलं नाही. चांगला चोर होता.

मग काड्या उचलून ज्याच्या त्याला द्यायचं काम धाकट्याचं. एन्गदानं वरची उचलली, खूण बघितली. "ही माझी." मधली उचलली. "ही दादाची." खाली ओढ्याकाठी वाकला, काडी हातात घेतली आणि तसाच थांबला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. हात नाकाशी नेला.

येशीनं ओळखलं, ह्याला कळलं. आता बोलणार. एक शब्द पुरे होता, वाटणी मोडली असती आणि गावभर छी-थू झाली असती.

एन्गदानं मान वर करून तिच्या डोक्याकडं बघितलं. उन्हात लोणी वितळून कपाळावर ओघळत होतं.

"ही ताईची," तो म्हणाला.

"खूण न बघताच?" आबा बोगालेनं विचारलं.

"ओळखली."

गेलावनं पाय आपटले. म्हाताऱ्यांनी शपथ घालून वाटणी पक्की केली. येशी आपल्या रानात एकटी जाऊन बसली, मूठभर माती हातात घेतली. आनंद व्हायला हवा होता. काडीसारखीच मातीही हाताला चिकटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एन्गदा अंगणात भाल्याला दोरी गुंडाळताना दिसला.

"कुठं?"

"परत. सरदाराकडं."

"वरचा तुकडा दगडाळ आहे म्हणून? मधला दादाकडून बदलून घे! मी भांडते त्याच्याशी!"

"तुझ्या भांडणाला मी लहानपणापासून घाबरतो, ताई." तो हसला, पण तोंडानंच. "काल सकाळी मी आबा बोगालेकडं गेलो होतो. म्हटलं, खालचा ताईचाय, दोरातून काढा. तर म्हातारा म्हणाला, दोर म्हणजे दोर. तुझ्या नावावर आला तर तू दे."

येशीला रागच आला, दुसरं काही सुचलं नाही की तिला रागच यायचा. "मग पावलं का मोजत होतास रोज?"

"तुझा एक बैल, माझा एक. जोडी होते. वळायला जागा किती लागेल ते बघत होतो."

"मेल्या, हे आधी बोलायचं नाही?"

"तू विचारलंस कुठं?" त्यानं भाला खांद्यावर टाकला. "बारा वर्षं मी समोरच्याचा हात बघत झोपलो. ह्याच्या हातात काय, त्याच्या हातात काय. वाटलं, घरी गेलो की हात बघायचे नाहीत कुणाचे."

"थांब. मी म्हाताऱ्यांना सांगते. सगळ्यांसमोर सांगते."

"नको. मोडली वाटणी की ती जमीन दादा घेईल. राहू दे. तुझीच आहे." दोन पावलं जाऊन तो वळला. "बैल ठेवून जातो. लढाईला बैल लागत नाही."

ती त्याच्या मागं ओढ्यापर्यंत गेली, त्याला शिव्या देत. तिथून पुढं शिव्या संपल्या.

पेरणीच्या तोंडावर अंगणात बैलांची जोडी उभी होती, आणि नांगर धरायला कुणी नव्हतं. गेलाव आला, दारातच टेकला. "अर्धं पीक माझं. नाहीतर बघ, बसतात का बैल." तिनं होकाराची मान हलवली. त्यानं नांगरलं ते वरवर, कोपरे सोडून. ती बोलली नाही. गेलावलाच भीती वाटली, आजारी आहे का ही?

दुपारी ती वरच्या तुकड्यात जायला लागली. एकेक धोंडा उचलायचा, पाठीवर घ्यायचा, कड्याशी टाकायचा. लोक विचारायचे, कुणाचं रान? ती म्हणायची, भावाचं.

पुढच्या वर्षी तोच मिठाचा व्यापारी ओढ्यावर भेटला. तिला बघून तो जरा बिचकला.

"अबायच्या पलीकडं जातोस का?"

"जातो."

"सरदाराच्या फौजेत एन्गदा म्हणून आहे. माझा भाऊ. त्याला सांग, वरचं अर्धं रान साफ झालंय. बैलांना वळता येईल एवढं."

"बरं. आणि ते काडीचं सांगू? माझी चूक मी कबूल करतो."

"ते त्याला माहीत आहे," येशी म्हणाली. "सगळ्यांत आधी त्यालाच कळलं."

व्यापारी गाढवं हाकत निघाला. गाढवं वळणाआड जाईपर्यंत ती बघत उभी राहिली, मग वर चढायला लागली. अजून अर्धं रान बाकी होतं.