सातव्या आजोबांची फाईल

हल्लीची यंत्रं तात्पुरत्या फाईलला आपली आपणच नाव देतात. अक्षरं-आकड्यांचा नुसता काला, जगात दुसरीकडे नसेल असा. शोल्पानबाईंना ते बघून अजून चुटपुट लागते. सोय झाली हे खरं, पण त्या नावांना ना आई ना बाप!

त्यांच्या तरुणपणी, सोव्हिएत काळात, कझाकस्तानातल्या अल्मा-अताच्या गणनकेंद्रात सगळ्यांत मिळून एकच यंत्र होतं. मधली आकडेमोड ठेवायला प्रत्येकाची तात्पुरती फाईल एकाच सामाईक जागी उघडायची आणि काम संपलं की पुसली जायची. जो तो तिला 'तात्पुरती' असंच नाव द्यायचा. मग याची फाईल त्याच्या फाईलवर चढायची आणि दोघांचं काम मातीत जायचं. शेवटी प्रमुख गालिना पाव्लोव्हना कडाडल्या, "दुसऱ्या कुणाला सुचणार नाही असं नाव द्या! नाहीतर उद्यापासून बसा बोटांवर मोजत."

रशियन मंडळींनी आपापल्या कुत्र्यामांजरांची नावं दिली. कझाकांना तर डोकं खाजवायचीही गरज नव्हती. त्यांच्यात सात पिढ्यांचे बाप ज्या पोराला पाठ नाहीत, ते अनाथच. शोल्पाननं सरळ सातव्या आजोबांना कामाला लावलं. इतेमगेन, म्हणजे कुत्रीचं दूध प्यालेला. मुलं जगत नसली की आपल्याकडे धोंडू-दगडू ठेवतात, त्यातलीच गत. असलं ओंगळ नाव आणखी कोण देणार?

तरी एका दुपारी तिची बर्फवितळीची आकडेमोड गायब, आणि तिच्या जागी कुणाच्या तरी लोकरीचा हिशेब. ती तणतणत यंत्राच्या खोलीत शिरली. "माझ्या इतेमगेनवर कोण चढून बसलंय?"

"तुझा कुठला? माझा आहे तो," कुआनिश हसला. "सातवे आजोबा माझे."

या कुआनिशशीच तिनं लग्न करायचं ठरवलं होतं. घरी अजून कुणाला पत्ता नव्हता. येत्या रविवारी तो तिच्या वडिलांना, आकेंना, भेटून मागणी घालणार होता. कूळबीळ म्हणजे म्हाताऱ्यांची कटकट, म्हणून दोघांनी एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं.

"आयागोझ नदीकाठचे?" तिनं विचारलं. "एका डोळ्यानं आंधळे?"

कुआनिशचं हसू मावळलं. "लांडग्यानं पंजा मारला होता."

म्हणजे दोघांचे आजोबा एकच. सात पिढ्यांच्या आत लग्न नाही. याला ना पळवाट, ना प्रायश्चित्त.

त्यानं फाईल पुसून टाकली. मग हळूच म्हणाला, "रविवारी मी दुसरंच नाव सांगतो. कारतबाय म्हणतो. कोण तपासायला बसलंय?"

"आके डोळ्यांत बघून ऐकतात. अडखळलास तर?"

"घोकतो ना आठवडाभर."

तिनं मान डोलावली. खोटं तर खोटं. तिला तो हवा होता.

रविवारी कुआनिश दस्तरखानाशी, खाण्यापिण्यासाठी अंथरलेल्या चादरीशी, मांडी घालून बसला. आकेंनी रीतीप्रमाणे विचारलं, "बोल बाळा, कुणाचा कोण तू?"

तो बापापासून एकेक नाव घेत वर चढत गेला. चहाच्या समोवारापाशी उभी शोल्पान मनात नावं मोजत होती. सहाव्या नावानंतर तो थांबला. त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"इतेमगेन," तो म्हणाला.

आके उठलेच. त्यांनी त्याला घट्ट कवटाळलं. "अरे, तू तर आमचाच निघालास! शोल्पान, भाऊ नाही म्हणून लहानपणी रडायचीस ना? हा बघ, स्वतःच्या पायांनी चालत आला! चहा दे त्याला."

शोल्पाननं वाटी भरली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"अगं, काठोकाठ?" आके ओरडले. "पाहुण्याला हाकलायचं असलं की असा चहा देतात! अक्कल गहाण ठेवलीस काय?"

"असू द्या, आके," कुआनिश म्हणाला. त्यानं तो कढत चहा थेंबही न सांडता संपवला आणि टोपी उचलली.

तो फाटकापाशी जरा वेळ उभा होता म्हणे. शोल्पाननं खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याचं शोल्पानबाईंना अजून वाईट वाटतं.