सगळ्यांत शेवटी उतरणारी

माझं तोंड फटकळ आहे, हे शाळेच्या वॉचमनपासून मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाईचं गोड बोलून भागतच नाही. गोड बोललं की आया दारात यायला उशीर करतात, बाप लोक ‘जरा आतल्या गल्लीत घ्या ना’ म्हणतात आणि पोरं खिडकीतून मुंडकी बाहेर काढतात. म्हणून मी ओरडते. पण माझ्या गाडीतलं मूल कधी चुकीच्या दारात उतरलं नाही, की कुणाचं बोट दारात सापडलं नाही. कालपर्यंत हे मी छाती पुढे काढून सांगायचे.

पोरं मला मावशी म्हणतात. माझी स्वतःची मुलगीसुद्धा. ती त्याच शाळेत बालवर्गात आहे. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून घरात तिचं नाव पडलं बटण. पहिल्या दिवशी तिने गाडीत ‘आई, आई’ लावलं, तर मागचा एक पोरगा ‘मला पण माझी आई पाहिजे’ म्हणून भोकाड पसरून बसला आणि त्याचं बघून अख्खी गाडी रडायला लागली. तेव्हापासून मी नियम करून टाकला. गाडीत मी सगळ्यांची मावशी, आई घरी गेल्यावर.

आणि दुसरा नियम, लोकांची मुलं आधी. गाडीत चढताना आधी ती, पाणी आधी त्यांना, खिडकी आधी त्यांना. आपलं घरचं माणूस शेवटी. लोक मुलं आपल्या भरवशावर सोपवतात, तिथे स्वतःच्या लेकीचे लाड करून कसं चालेल? बटणने दोन्ही नियम असे काही उचलले, की काय सांगू. कधी हट्ट नाही, कधी कुरकुर नाही. ‘किती समजूतदार आहे हो तुमची’ असं कुणी म्हटलं, की मी मेली फुलून जायचे.

काल दुपारी शाळा सुटली. मी गेटवर नेहमीसारखी एकेकाला हाक मारून आत बसवलं. जुळ्या, चष्मिस, ‘अजून किती वेळ’ असं दर वळणावर विचारते म्हणून जिला आम्ही प्रश्नपत्रिका म्हणतो ती, मग बाकीची. बटणला मी कधीच हाक मारत नाही. तिची जागा माझ्या शेजारची, पुढची. सगळे बसले, की ती आपण होऊन येते आणि बसते.

अर्ध्या रस्त्यात गाडी एका बाजूला ओढायला लागली. उतरून बघते तर मागचं चाक पार बसलेलं. डोकंच फिरलं माझं. सगळी पोरं खाली उतरवली, फुटपाथवर भिंतीला टेकवून एका ओळीत उभी केली. “जो जागचा हलेल त्याला डिकीत बसवून नेईन,” असा दम दिला. रस्ता उताराचा होता. पुढच्या चाकाला काहीतरी अडसर लावल्याशिवाय जॅक लावायची माझी हिंमत होईना. समोर एक लॉन्ड्री होती. तिचं काचेचं दार उघडं राहावं म्हणून खाली एक छोटा चपटा दगड सरकवून ठेवला होता. आत लॉन्ड्रीवाली बाई इस्त्री करत होती. मी बाहेरूनच ओरडले, “ताई, हा दगड घेते हो जरा!” तिने वर न बघता मान हलवली.

चाक बदलायला कधी नव्हे तो वेळ लागला. एक नट काही केल्या सुटेना. त्यात फोनवर फोन. चष्मिसच्या बाबांनी तर वैताग आणला. “अजून कशी आली नाही गाडी?” मी म्हटलं, “चाकाला विचारून सांगते!” आणि फोन ठेवून दिला. इकडे एका पोराने फुटपाथवरच उलटी केली. त्याचं तोंड धुतलं, सदरा पुसला. बटण माझ्याशेजारी उकिडवी बसून काढलेले नट आपल्या रुमालात सांभाळत होती. मागेन तेव्हा एकेक नट काढून देत होती.

चाक बसलं. मी तिला म्हटलं, “उलटीवाल्याला आज पुढे बसू दे गं, त्याला वारा लागेल. तू मागे बस.” तिने मान डोलावली. मग मी दगड तिच्या हातात दिला. “हा दुकानात परत ठेवून ये. आणि नुसती ठेवून पळू नकोस, थँक्यू म्हण त्या काकूंना.”

यातला शब्द न् शब्द मला आठवतोय. मीच बोलले.

मग मी हाका मारून पोरं आत घेतली. जुळ्या, चष्मिस, प्रश्नपत्रिका, सगळी. उलटीवाल्याला पुढे बसवलं, मागचं दार ओढून लावलं आणि निघाले. ज्यांना ज्यांना मी हाक मारते, ती सगळी गाडीत होती.

घरं होती तिथेच होती, पण प्रत्येक दारात आया ताटकळून उभ्या. प्रत्येकीला पंक्चरची कहाणी सांगावी लागली. एकटी जुळ्यांची आई तेवढी दारात नव्हती. मी हॉर्न वाजवून वाजवून थकले. शेवटी ती ओल्या केसांनी धावत आली, तर मी तिला उभ्या रस्त्यात झापलं. “अहो, मूल म्हणजे काय पार्सल आहे का, दारात टाकलं आणि गेलं? आपल्या मुलांचं भान आपल्याला नको?” बिचारी चार लोकांत लाल झाली. मला आतून बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

सगळ्यांत शेवटी चष्मिस. तो उतरला, त्याच्या बाबांनी मला दोन शब्द सुनावले, मी चार परत केले आणि दार लावता लावता मागे न बघता म्हटलं, “चल गं बटण, ये आता पुढे.”

कुणी आलं नाही. मला वाटलं झोपली. वाकून बघितलं तर मागची सीट रिकामी. सीटखाली बघितलं. डिकी उघडली. मी वेड्यासारखी रिकाम्या गाडीत तिला हाका मारत होते. चष्मिस फाटकाजवळ उभा होता, तो म्हणाला, “ती मागे नव्हतीच मावशी. आम्हाला वाटलं पुढे आहे.”

चष्मिसचे बाबा एकदम धावत आले, “काय झालं? काय झालं?” मघाशी ज्या माणसाला मी तोडून बोलले होते, तो ‘मी येतो बरोबर’ म्हणत होता. मी गाडी वळवली आणि सुटले.

परतीचा रस्ता कसा कापला ते मला सांगता येणार नाही. सिग्नलला थांबले तर वाटलं, उतरून धावत जावं. एकीकडे देवाला हात जोडत होते आणि दुसरीकडे मनात नको नको ते येत होतं. उतार, भरधाव गाड्या, कुणीतरी ‘चल बाळा, तुझ्या आईकडे नेतो’ म्हणणारं. तिला घरचा पत्ता येतो, पण माझा नंबर? पाठ करून घेऊ, घेऊ म्हणत ते राहूनच गेलं होतं. लोकांच्या मुलांचे, त्यांच्या बापांचे, आजोबांचे नंबर मला तोंडपाठ, आणि हिला एक नंबर शिकवायला मला वेळ झाला नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

उतारावर पोचले. फुटपाथ रिकामा. भिंतीपाशी उलटीवर टाकलेली माती तेवढी दिसत होती. गाडी तशीच चालू ठेवून मी लॉन्ड्रीत घुसले.

बटण काउंटरवर पाय हलवत बसली होती. समोर हँगरचा ढीग. लहान हँगर एकीकडे, मोठे दुसरीकडे लावत होती. मला बघून तिने हातातला हँगर नीट जागेवर ठेवला आणि विचारलं, “सगळे पोचले?”

मी तिला उचलली, छातीशी धरली आणि मोठमोठ्याने रडायला लागले. ती बापडी माझ्या खांद्यावर थोपटत होती.

लॉन्ड्रीवाली बाई इस्त्री बाजूला ठेवून पुढे आली. वयाने माझ्याच एवढी, पण आवाज माझ्या वरचा. “तुम्ही आई का हिची? की मावशी? काय ते एकदा सांगा मला! दगड ठेवायला आली. मी फोनवर बोलत होते, तर ही आपली हात बांधून उभी. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही म्हणे. माझा फोन संपल्यावर थँक्यू म्हणाली आणि बाहेर गेली, तर गाडी गायब! मी विचारलं, बाळा तुझी आई कुठे आहे? म्हणते, आई घरी गेल्यावर असते, आत्ता मावशी आहे. म्हटलं मावशी कुठे गेली? म्हणते, सगळ्यांना सोडायला गेली, मला शेवटी नेणार. अहो, पोटची पोर ना ही? मी पोलिसांना फोन लावणार होते. ही म्हणाली, नको काकू, येईल ती, मी शेवटचीच असते.”

मी जे जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आले, ते ती मला ऐकवत होती आणि एकही शब्द चुकीचा नव्हता. मी नुसती मान खाली घालून “चुकलं, चुकलं” म्हणत राहिले. शेवटी तिचंच मन द्रवलं. मला पाणी दिलं आणि बटणच्या गालाला हात लावून म्हणाली, “पोरगी गुणाची आहे हो. रडली नाही अजिबात.” ते तर मला शिवीपेक्षा जास्त लागलं. रडायला हवं होतं तिने. लहान मुलं रडतात.

गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, “तुला भीती नाही वाटली?”

“थोडीशी,” ती म्हणाली. “पण तूच तर म्हणतेस ना, लोकांची मुलं आधी.”

नवरा बेकरीत पहाटेच्या पाळीला असतो, त्यामुळे दुपारी तो घरीच. बटणने दारातूनच सुरुवात केली. वाफेची इस्त्री कशी फुस्स करते, तिने पायाने पेडल कसं दाबलं, काकूंनी तिला ‘माझ्या दुकानात नोकरीला ये’ कसं म्हटलं. तो हसत हसत ऐकत होता. “वा! आणि तोपर्यंत आई काय करत होती?”

ती माझ्याकडे बघायला लागली. काय सांगू, असं विचारल्यासारखं.

“मी हिला विसरून गेले,” मी म्हटलं. “रस्त्यात. सगळ्यांना घरी सोडलं आणि हिला विसरले.”

त्याने ओरडावं असं मला वाटत होतं. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. तो तिला मांडीवर ओढून तिच्या केसांतून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, “दमतेस तू. बस जरा.” मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. संध्याकाळी तिला माझा नंबर पाठ करून घेतला. तिने तो दोनदा ऐकला आणि घडाघडा म्हणून दाखवला. इतकं सोपं होतं ते.

आज सकाळी मी ठरवूनच निघाले. चुलीत गेला तो नियम. दुपारी शाळा सुटली, पोरं गेटवर ओळीत उभी राहिली. जुळ्या, चष्मिस, प्रश्नपत्रिका, उलटीवाला आणि सगळ्यांच्या मागे दप्तर पोटाशी धरून बटण. मी दार उघडलं आणि पहिली हाक तिला मारली. चांगली मोठ्याने.

ती जागची हलली नाही. तिने इकडेतिकडे बघितलं. मी पुन्हा हाक मारली. “अगं, तुलाच म्हणतेय. ये, तू आधी.”

सगळी पोरं वळून तिच्याकडे बघायला लागली. तिचा चेहरा कसनुसा झाला. समोरच्या उलटीवाल्याच्या पाठीला हात लावून तिने त्याला पुढे ढकललं आणि मला हळूच, समजावल्यासारखं म्हणाली, “मावशी, चुकलीस तू. आधी यांना घे.”

“आज तू आधी. आणि मावशी नाही, आई म्हण.”

“गाडीत नाही म्हणायचं,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

मी ओळ मोडून मागे गेले, तिला उचललं आणि सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर नेऊन बसवलं. ती पाय झाडत होती. मग मी बाकीच्यांना आत घेतलं. चष्मिसने विचारलं, “ही का रडतेय मावशी?” मी त्याला गप्प बस म्हटलं.

घर येईपर्यंत बटण तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली. काल मी तिला रस्त्यावर सोडून गेले, तेव्हा ती माझ्यावर रागावली नव्हती. आज रागावली.