गायरानातला हिरवा कोपरा

"माणूस खोटं बोलतो, माती कधीही खोटं बोलत नाही," असं मृद सर्वेक्षणाचे हेमचंद्र राजहंस पिंपळदऱ्याच्या गायरानात उभं राहून म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर बऱ्याच तालुक्यांत उच्चारलं होतं आणि ऐकणाऱ्यांवर त्याचा परिणामही होत असे. त्या सकाळी ऐकायला एक शेळी होती. तिनं साहेबांचं वाक्य पूर्ण होऊ दिलं आणि मग मातीच्या नमुन्याला बांधलेली चिठ्ठी खाऊन टाकली.

एकोणीसशे शहाण्णवचा फाल्गुन होता. गायरान नांगराखाली आणावं की गवतालाच ठेवावं, हे सरकारला माती बघून ठरवायचं होतं, म्हणजे हेमचंद्रांना ठरवायचं होतं. वरचा माळ उघड्या मुरमाचा, त्यावर वाळलेली कुसळी. पण उताराच्या तळाशी एक कोपरा होता, जिथं या दिवसांतही गवताची बुडखं हिरवी होती. साहेबांना तो लांबूनच आवडला. आदल्या दिवशी त्यांनी तिथंच खड्डा घ्यायला सांगितलं. माणूस आडवा मावेल इतका लांब, छातीइतका खोल, एका टोकाला उतरायला पायऱ्या. मातीचे थर बघायचे तर असाच खड्डा लागतो.

खणायला गावातला कचरू मिळाला. वयस्कर माणूस, बोलायचा बेत नसलेला.

"हितंच का, साहेब?" त्यानं एकदाच विचारलं होतं.

"इथंच. इथली माती खोल आहे."

"खोल हाय खरी," कचरू म्हणाला आणि त्यानं कुदळ घातली.

आसपास गवताखाली लांबट उंचवटे होते. साहेबांनी ते वाळवीची जुनी वारुळं म्हणून टिपून घेतले.

दिवस मावळला म्हणून खड्डा रात्रभर उघडा राहिला. सकाळी साहेब पायरीवर बसून खालच्या थरातली चिमूटभर माती पाणी लावून बोटांत मळत होते. धड चिकट नाही, धड रेताड नाही. गोळी वळते, दाबली की फुटते. अस्सल पोयटा. ते समाधानानं वर बघायला गेले, तर काठावर पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा होता आणि त्याच्या समोर कचरू मान खाली घालून.

"दाजी," तो माणूस कचरूला म्हणत होता, "जीव जायची तरी वाट बघायची."

"सूर्यभान, ऐक तर."

"काय ऐकू? आक्का आजारी म्हनून श्रीरामपूरवरनं पहिली एस्टी धरून आलो. स्टँडवर उतरलो तर लोक सांगत्यात, तुमच्या दाजीनं मसनवट्यात तयारी करून ठिवलीय. बायको अजून पेज पितीय, आन तुमी खड्डा खनून मोकळे."

हेमचंद्र खड्ड्यात उभे राहिले. आजूबाजूचे उंचवटे आता बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या पातळीत आले. प्रत्येकाच्या डोक्याशी एक धोंडा होता. वारुळाला कुणी उशाशी धोंडा ठेवत नाही, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत प्रथमच त्यांच्या लक्षात आलं.

"कचरूजी, तुम्ही काल बोलला का नाहीत?"

"तुमी म्हनलात, माती खोल हाय," कचरू म्हणाला. "ती हायेच. माझा बाप हितं, आई पल्याड. मला वाटलं, सायबांना म्हाईत आसंल."

"हे पाहा, हा सरकारी खड्डा आहे," साहेब सूर्यभानला म्हणाले. "मातीचे थर तपासायचा."

"सरकारला आमच्याच मसनवट्यात थर घावले व्हय?" सूर्यभान म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. स्टँडवर जीप ठरवून आलोय. आक्काला आत्ताच घिऊन चाललो. जाईल ती मानसात जाईल."

 कचरू खड्ड्याकडे बघत राहिला. बायको गेली तर इथं, आपल्या माणसांत ठेवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि ते आता त्याच्याच कुदळीनं हातचं चाललं होतं.

तेवढ्यात वस्तीकडून चौघेजण बाज खांद्यावर घेऊन येताना दिसले. ते हळू आणि पाऊल जुळवून चालत होते. खुरपणाऱ्या बायका बांधावर उभ्या राहिल्या, एकीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. साहेबांनी टोपी काढली. बाज जवळ आली तशी तिच्यावरची कचरूची बायको भागिरथी म्हणाली, "हळू की रं. बैलगाडी बरी."

टोपी पुन्हा घालावी की नाही, हे साहेबांना ठरवता येईना. ती हातातच राहिली.

बाज काठावर टेकली. भागिरथी म्हणजे पातळाखाली नुसती हाडं उरली होती, पण डोळे जागेवर होते. तिनं भावाकडे पाहिलं, नवऱ्याच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"कुनावर वरडतोयस?" तिनं विचारलं. "वस्तीपतूर ऐकू आलं, म्हनून बाज उचलाया लावली. खड्डा मीच सांगितलाय."

"आक्का, उगं काय बी..."

"सायबांना निरोप मीच धाडला हुता. सरकारी मानूस हाय, नीट मापात खनून दील म्हनलं. इचार त्यान्ला." आणि ती हेमचंद्रांकडे वळली. "सांगा की, साहेब."

हेमचंद्रांनी या बाईला जन्मात पहिल्यांदाच पाहिलं होतं. चिकणमातीचा आकडा सोयीसाठी इकडचा तिकडं करणारा हा माणूस नव्हे. त्यापायी त्यांच्या दोन बढत्या लांबल्या होत्या. त्यांनी खड्ड्याच्या भिंतीकडे पाहिलं. माती गप्प होती. ती गप्पच असते, म्हणून तिचं नाव चांगलं राहिलं आहे.

"हो," ते म्हणाले. "बाईंचा निरोप आला होता."

"आता बघू तर द्या, सांगितल्यापरमानं झालाय का," भागिरथी म्हणाली. कचरूनं तिला पाठीशी धरून बसवलं. तिनं वाकून बराच वेळ आत पाहिलं. "ह्या पायऱ्या कशाला? म्या न्हवत्या सांगितल्या."

"उतरायला," साहेब म्हणाले.

"मी काय पायानं उतरनार हाय व्हय?"

बाज आणणाऱ्यांपैकी एकजण हसला आणि लगेच खोकल्यासारखं करून गप्प झाला.

"हितं पानी साचतं का, साहेब?"

असा प्रश्न त्यांना त्यांचं खातं रोज विचारत असे. त्यांनी नेहमीसारखं तोंड उघडलं, पण शब्द नेहमीच्या वेगानं आले नाहीत. "साचत नाही. मुरतं. आणि मुरलेलं लगेच निघूनही जात नाही. म्हणून तर हा कोपरा उशिरापर्यंत हिरवा राहतो."

"मला म्हाईत हाय. समदा जल्म शेरडं हितं चारली. गवताची मुळं कुठवर जात्यात?"

त्यांनी खड्ड्याच्या भिंतीवर बोट ठेवलं. वरची वीतभर माती काळसर, भुसभुशीत, मुळांनी केसांसारखी विणलेली. खाली तांबूस ढेकळं, त्यांच्या फटींतूनही बारीक धागे उतरलेले. "इथवर."

"म्हंजी माझ्यापतूर येतील."

"येतील," हेमचंद्र म्हणाले. "दोन-तीन पावसाळे जाऊ द्यावे लागतील."

"आन ती पांढरी खडी?"

"चुन्याची. आपल्याकडे पाऊस थोडा. पाणी तिथवर पोचतं आणि संपतं, मागं चुना राहतो. त्याच्या खाली मग मुरूम."

"तिथवरच पोचतं," भागिरथी म्हणाली आणि तिनं मान हलवली. मग विचारलं, "नांगरनार का सरकार हे?"

"नाही. उताराची जमीन आहे. गवत मोडलं तर ही माती वाऱ्यानं आणि पाण्यानं निघून जाईल, पुन्हा यायची नाही. मी तसंच कळवणार आहे." हे त्यांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. त्या सकाळी त्यांनी सूर्यभानसमोर ज्या गोष्टी ठासून सांगितल्या, त्यांतली ही खरी होती.

सूर्यभान मातीच्या ढिगावर बसला होता. त्यानं एक ढेकूळ उचललं, दाबलं. ते चुपचाप फुटलं. त्याला सगळं कळलं होतं. एवढं दुबळं खोटं बहीण कुणासाठी बोलते, तेही कळलं होतं.

"म्हंजी श्रीरामपूरला न्हाईच यायचं," तो म्हणाला.

"तिकडं तुझ्या घराम्होरं फरशीच फरशी. मी कशात मुरू?"

त्यानं डोळे पुसले आणि उठून कचरूच्या हातातलं फावडं घेतलं. खड्डा आज बुजवायचा हे ठरलंच होतं, जनावर पडलं असतं. साहेबांनी एकच अट घातली: जी माती खालून निघाली ती खाली, वरची वर, गवताचे गड्डे सगळ्यात शेवटी. कचरू आणि मेव्हणा एकमेकांशी न बोलता त्या क्रमानं माती ओढत राहिले. कचरूनं मध्येच आपला तांब्या पुढं केला, सूर्यभाननं तो घेतला. शेवटचा गड्डा कचरूनं हातानं बसवला, पायानं नव्हे. हेमचंद्रांनी आपल्या टिपणातला वारुळांचा शब्द खोडला.

 चौघे पुढं झाले आणि बाजेला हात घालू लागले. भागिरथीनं हात वर करून त्यांना थांबवलं, बांधाजवळ उभ्या असलेल्या साहेबांच्या सरकारी जीपकडे निरखून पाहिलं आणि हेमचंद्रांना खुणेनं जवळ बोलावलं.

"साहेब, येवढं करा. घरापतूर सोडा मला गाडीनं. पन म्होरं बसवा. मागं लई माती उडती."