वाटाण्याएवढी क्रीम

सासऱ्याने सुनेची मुरुमांची क्रीम चोरून लावणं हे ऐकायला जेवढं विचित्र वाटतं तेवढं ते नाही, असं रंगाऱ्याचं मत होतं. अर्थात हे मत त्याने कोणाला विचारून बनवलेलं नव्हतं. विचारायची सोय असती तर चोरून कशाला लावली असती?

रंगारी म्हणजे घरांच्या भिंती रंगवणारा. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तो घरी होता. पण सवय गेली नव्हती. कुणाच्या घरी गेला की तो आधी भिंतीशी बोलायचा, मग माणसांशी. कोपऱ्यातली ओल, खिडकीखालची चीर, घाईघाईत मारलेली पुट्टी, हे सगळं त्याला चहा येण्याआधी दिसलेलं असायचं आणि चहा संपायच्या आत तो ते बोलून दाखवायचा. त्यामुळे त्याला दुसऱ्यांदा चहाला बोलावणारे थोडे होते.

त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याबद्दल मात्र तो काही बोलायचा नाही. मिसरूड फुटायच्या वयात त्याला मुरुम आले ते सहकुटुंब सहपरिवार आले, काही वर्षं राहिले आणि जाताना खड्डे ठेवून गेले. कामावरचे लोक त्याला ‘चाळण’ म्हणत. ‘ए चाळण, शिडी धर.’ तो शिडी धरायचा. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं तो सांगे. हे त्याला पुष्कळदा सांगावं लागे, यावरून काय ते समजावं.

सून घरात आली तेव्हा तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरुमांची रांग होती. ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. दात दुखणारी माणसं गाल धरून तिच्यासमोर वाकायची आणि आपलं दुखणं विसरून तिच्या हनुवटीवर उपाय सुचवायची. शेवटी वैतागून ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली आणि एक ट्यूब घेऊन आली. जेवायच्या टेबलावर तिने सगळे नियम सांगितले: तोंड धुऊन, कोरडं करून लावायची. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढी, जास्त नाही. रात्रीच लावायची, दिवसा उन्हापासून जपायचं. आणि सुरुवातीला आणखी बिघडेल, मग सुधारेल.

रंगाऱ्याने यातलं वाटाण्यापर्यंतचं ऐकलं आणि शेवटचं बिघडणं-सुधारणं ऐकलं. मधलं ऐकलं नाही, कारण तेव्हा तो सुनेच्या गालाचं काम किती निघेल याचा अंदाज घेत होता.

खरोखरच आधी बिघडलं. नवे मुरुम आले, नाकाच्या बाजूने पापुद्रे सुटले, ओठांच्या कडा ओढल्यासारख्या झाल्या. रंगाऱ्याची बायको म्हणाली, “अगं, बरं होण्यासाठी लावतेस ना हे?” घरात एकटा रंगारी शांत होता. जुने पोपडे खरवडून निघाल्याशिवाय रंगाचा नवा हात बसत नाही, हे त्याने आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं, आणि लोकांनी आयुष्यभर त्याला ‘वरच्यावर मारून द्या’ म्हटलं होतं. इथे निदान एक डॉक्टर तरी त्याच्या मताचा निघाला.

काही महिन्यांत सुनेचा चेहरा असा झाला की रंगारी बघतच राहिला. दुसऱ्याचं चांगलं काम बघावं तसं, बाजूने, खिडकीच्या उजेडात.

“बाबा, काही लागलंय का माझ्या गालाला?” सुनेने विचारलं.

“छे, छे. फिनिशिंग बघत होतो.”

मग एका सकाळी मुलाने जाहीर केलं की त्यांनी बाळाचा विचार केलाय. मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. केसाएवढा फरक त्याला दिसायचा आणि खपायचा नाही. तो बोलत होता आणि सून चहा ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत होती. डॉक्टरांनी आधीच बजावलेलं होतं की बाळाचा विचार असेल तर ही क्रीम बंद करायची, तेव्हा ती त्याच दिवशी बंद झाली. सासू म्हणाली, “टाकू नकोस हो. नंतर लागेल.” म्हणून ट्यूब न्हाणीघरातल्या आरशामागच्या कप्प्यात राहिली.

रंगारी उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ कठड्याला धरून उभा राहिला. त्याला इतका आनंद झाला होता की घरातल्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

तोंडाचा विषय निघाला तो लिफ्टमध्ये. वरच्या मजल्यावरची, अजून नीट बोबडेपणही न गेलेली एक मुलगी तिच्या आईच्या कडेवर होती. तिने रंगाऱ्याच्या गालाला बोट लावलं आणि विचारलं, “हे उंदलांनी खाल्लं?” तिची आई लाजेने अर्धी झाली. रंगारी हसला, “हो, मोठे उंदीर होते,” म्हणाला, आणि घरी येऊन न्हाणीघरात आरशासमोर उभा राहिला. आपलं नातवंडही एक दिवस बोट लावणार. त्याला काय सांगायचं?

आरसा उघडला. ट्यूब होती.

दुपारी मुलगा आणि सून कामावर असत, बायको पंख्याखाली झोपलेली असे. रंगारी तोंड धुऊन, पुसून, वाटाण्याएवढी क्रीम घ्यायचा आणि शास्त्रोक्त लावायचा: आधी उभे हात, मग आडवे. मग खुर्ची गॅलरीत ओढून चेहरा उन्हाकडे करून बसायचा. हात मारला की वाळायला ऊन लागतं. तोंडाला वेगळा कायदा असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. आणि ट्यूब परत ठेवताना तिची शेपटी खालून नीट गुंडाळून ठेवायचा. सून मधेच कुठेही दाबायची, आणि मालाची अशी नासाडी त्याला बघवत नसे.

थोड्याच दिवसांत चेहरा लालबुंद झाला. आग व्हायला लागली. दाढी करताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. म्हणजे लागू पडतंय, असा त्याने निष्कर्ष काढला आणि फक्त एक दिवसाआड लावायचं ठरवलं.

“अहो, हे काय झालंय तोंडाला?” बायकोने विचारलं.

“ऊन,” तो म्हणाला. एवढं खरं बोलूनही इतकं खोटं वाटणं त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं.

हे असंच चाललं असतं. पण एका रात्री पलीकडच्या खोलीतून आवाज आले. मधली भिंत रंगाऱ्यानेच रंगवली होती. रंग उत्तम होता, भिंत पातळ होती.

“ट्यूब अर्धी होती,” मुलगा म्हणत होता. “आता मानेपर्यंत आलीय.”

“मी हात लावलेला नाही.”

“मग काय भुतं लावतात?”

रंगारी पलंगावर ताठ बसला. त्याने गालाला हात लावला आणि झोंबलं म्हणून काढून घेतला.

“तुला मूल नको असेल तर तोंडाने सांग ना. मला हे ट्यूबकडून कळायला नको.”

“लावलेली नाही म्हटलं ना!”

“तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा, तेवढं सांग.”

मग सुनेचा आवाज, अगदी साधा: “उद्या मी आईकडे जाते थोडे दिवस.”

बायकोही जागीच होती. अंधारात ती म्हणाली, “कसली ट्यूब हो?” रंगाऱ्याने झोपेचं सोंग घेतलं. त्याला झोप येणं शक्य नव्हतं. एकीकडे मुलाचा संसार होता, दुसरीकडे चारचौघांत होणारी फजिती. यात तोलण्यासारखं काही नाही हे त्याला कळत होतं, तरी तो तोलत पडला होता आणि त्याबद्दल त्याला स्वतःचा रागही येत होता. म्हातारपणी नटवेपणा सुचला, आणि तो नातवंडाच्याच मुळावर आला.

सकाळी माळ्यावरून बॅग निघाल्याचा आवाज आला तसा तो उठला. न्हाणीघरात गेला, ट्यूब घेतली आणि बाहेरच्या खोलीत आला. सून तिथल्या पलंगावर बॅग ठेवून कपडे भरत होती. मुलगा खिडकीबाहेर बघत होता, तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रंगाऱ्याने ट्यूब टेबलावर ठेवली.

“ही मी लावतो,” तो म्हणाला.

कोणाला काही कळलं नाही.

“क्रीम. दुपारी. गॅलरीत बसून.”

मुलाने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गेले कितीतरी दिवस तो चेहरा भाजल्यासारखा लाल होता, आणि केसाएवढा फरक ओळखणाऱ्या माणसाला तो दिसला नव्हता.

“बाबा! ती उन्हात लावायची नसते!”

“रात्री लावायची असते,” सून म्हणाली. “मी सांगितलं होतं जेवताना.”

“मी वाळवत होतो,” रंगारी म्हणाला.

बायको पुढे आली. “या वयात? कोणासाठी म्हणते मी?”

“नातवंडासाठी.”

तिने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मग ती म्हणाली, “मी हेच तोंड बघून हो म्हटलं होतं. माझ्याकडून कधी तक्रार आली?”

“नाही.”

“मग?”

“तुला खोटं बोलता येतं. लहान पोरांना येत नाही.”

मुलगा आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. तो आपल्या बायकोकडे वळला. “सॉरी. मी उगाच काय काय बोललो तुला. खरंच सॉरी.” तिने काही म्हणायच्या आत त्याने बॅगेतले कपडे पलंगावर उपडे केले, स्टूल ओढलं आणि रिकामी बॅग माळ्यावर टाकायला वर चढला. रंगाऱ्याने श्वास सोडला. आता जन्मभर हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगितला जाणार होता, लिफ्टमध्येही पोचणार होता. पण घर वाचलं होतं. स्वस्तात सुटलो, असं त्याला वाटलं.

सून टेबलाजवळ आली. तिने ट्यूब उचलली. गुंडाळलेल्या शेपटीवरून अंगठा फिरवला.

“बाबा, तुम्ही किती घेत होतात?”

“वाटाण्याएवढी. तूच म्हणाली होतीस ना. तीही एक दिवसाआड. आग व्हायची गं फार.”

“मग एवढी नसती संपली.”

रंगाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिची हनुवटी खिडकीच्या उजेडात होती, जबड्याची कड स्वच्छ, एकही पुळी नाही. देखभाल सुटली की एका मोसमात भिंतीला ओल दिसायला लागते, हे त्याला शिकवायला नको होतं. ती हनुवटी तो रोज बघत होता. त्याला दिसलं होतं. नातवंड हवं होतं म्हणून कळलं नव्हतं. आता कळलं, आणि तिने गप्प बसावं असं त्याला मनापासून वाटलं.

ती गप्प बसू शकत होती. नवऱ्याने माफी मागून झाली होती.

“उरलेली मी लावली,” ती म्हणाली.

मुलगा स्टुलावर होता, बॅग अर्धी माळ्यावर, अर्धी हातात.

“पण काल तू...”

“काल मी खोटं बोलले. बाबा आज इतकं खरं बोलले, तर मला राहवेना.” तिने ट्यूब परत टेबलावर ठेवली. “रोज रात्री लावायचे. लावली की वाटायचं, ही चालू आहे तोवर बाळाचं काही ठरलेलं नाही; चला, आजच्यापुरती सुटले. आणि सकाळी तुझ्याकडे बघवायचं नाही.”

“तुला मूल नकोय?”

“मला माहीत नाही. आत्ता नकोय, एवढं माहीत आहे. तू चहाच्या वेळी सगळ्यांना सांगून मोकळा झालास. आई खूश झाल्या, बाबा गॅलरीत जाऊन रडले.”

“रडलो नव्हतो,” रंगारी म्हणाला.

“पाठ हलत होती तुमची, बाबा. ते बघितल्यावर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते?”

आता सासू काहीतरी बोलणार, असं तिघांनाही वाटलं. ती मुलाला म्हणाली, “तू आधी खाली उतर. पडशील.”

मुलगा खाली उतरला. बॅग त्याच्या हातातच राहिली.

सून रंगाऱ्यासमोर आली. तिचे डोळे भरले होते. “बाबा, माफ करा मला. तुम्ही तर तयारीला लागला होतात.”

रंगाऱ्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. गेले काही आठवडे एक लहान हात त्याच्या गालावर येऊन बसत होता, तो आत्ता उठून गेला. पण समोरची पोरगी त्या हाताला घाबरून रोज रात्री आरशासमोर एकटी उभी राहत होती, आणि याच घरात, पातळ भिंतीच्या पलीकडे, हे कोणाला ऐकू आलं नव्हतं.

“मलाही वेळ लागणारच आहे,” तो म्हणाला. “सगळं काम चुकीचं झालंय माझं. रात्रीचं पहिल्यापासून करावं लागेल. मला काही घाई नाही.”

मग तो बायकोला म्हणाला, “चल, आपण जरा खाली जाऊन येऊ,” आणि तिनेही, गुडघ्यांची आठवण न करून देता, चपला घातल्या.

दार ओढून घेताना त्याला मुलाचा आवाज आला. “मग तुला काय वाटतं, ते सांग.” सुनेने पलंगावरचे कपडे बाजूला सरकवले आणि त्याला बसायला जागा केली.