धक्क्यावरची सफर

पेट्रोलचे भाव वाढले तेव्हा बोट क्लबातल्या लोकांनी आधी सरकारला शिव्या घातल्या, मग आपापल्या इंजिनांना, आणि शेवटी सगळे गुपचूप बोटी धक्क्याला बांधून त्यातच बसायला लागले. रविवार आला की टोप्या, काळे चष्मे, थर्मास, सगळा जामानिमा पूर्वीचाच. फक्त बोट जागची हलायची नाही. विचारलंच तर कुणाचं इंजिन बिघडलेलं असे, कुणाची कंबर धरलेली असे. पेट्रोल परवडत नाही, हे तोंडातून काढायची कुणाची टाप नव्हती. क्लबात सगळे एकमेकांना ‘कॅप्टन’ म्हणत. तसं म्हणायला पेट्रोल लागत नाही.

त्यातल्या एका कॅप्टनची ही गोष्ट. त्याच्या वडिलांनी पाण्याच्या पंपांचं दुकान काढलं होतं आणि बोटही त्यांनीच घेतली होती. याच्या वाट्याला दोन्ही आयतंच आलं. दुकान जेमतेम चालत होतं आणि बोट तर पेट्रोल पाण्यासारखी प्यायची.

पण याला कंबरेची सबब सांगून घरी बसता येत नव्हतं, कारण बाबा होते. त्यांची नजर पार गेली होती, कानांपैकी उजवा तेवढा चालायचा. कॅप्टनची आई गेल्यापासून त्यांचं अन्नावरून मन उडालं होतं. रविवारी समुद्रावरून आले की मात्र स्वतःहून ताट मागायचे आणि पुढचे दोन-तीन दिवस बरे जेवायचे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, “तो रविवार बंद करू नका. त्याच्यावरच चाललंय त्यांचं.”

समुद्रावर बाबा करायचे तरी काय? दीपस्तंभाच्या मागे बोट न्यायची, इंजिन बंद करायचं, आणि बाबा आईशी बोलायचे. खड्या आवाजात, पाण्याकडे तोंड करून. आठवडाभराचं सगळं सांगायचे. मुलगा आणि सून तेवढा वेळ पाठ करून बसायची. आई-बाबांचं सगळं आयुष्य माणसांनी भरलेल्या घरात गेलं होतं. सासू-सासरे, दीर, नणंदा, पलीकडे कुणीतरी कायम कान देऊन बसलेलं. बोट घेतली तेव्हा कुठे नवरा-बायकोला मनातलं बोलायला जागा मिळाली. “इथे कुणी ऐकत नाही,” बाबा म्हणायचे. बोट त्यांना हवी होती ती एवढ्याचसाठी.

आणि एका रविवारी टाकीत तिथवर जाण्याइतकं पेट्रोलच नव्हतं.

ठरवून काही झालं नाही. टाकी बघावी म्हणून कॅप्टनने इंजिन सुरू केलं, बोट थरथरली आणि बाबांनी विचारलं, “निघालो का रे?”

त्याने बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. “हो बाबा, निघालो,” तीच म्हणाली.

आंधळ्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला अक्कल लागत नाही, नुसता निगरगट्टपणा पुरतो. तो दोघांच्याही अंगात हळूहळू आला. कॅप्टन दोन्ही पाय फाकून उभा राही आणि बोट डोलवी. बायको मगमध्ये पाणी घेऊन बाबांच्या तोंडावर शिंतोडे मारी. ऊन सतत एकाच गालावर लागून बोट वळत नसल्याचा संशय येऊ नये म्हणून वर कापड ताणलेलं. “आज लाटा आहेत,” बाबा खुशीत येऊन म्हणायचे. घरी येऊन पोळी मागून घ्यायचे. मग त्या दोघांना वाटायचं, आपण करतोय यात वाईट ते काय?

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नव्हती. दीपस्तंभ आला की इंजिन बंद करायची सवय होती. कॅप्टनने ते पहिल्याच रविवारी धक्क्यावरही बंद केलं. घरघर थांबली आणि बाबांचा आवाज धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख ऐकू गेला.

“चिमणे, ऐकतेस ना?”

शेजारच्या बोटींतले कप हवेतच थांबले. कॅप्टनने त्यांना थांबवायचं तर कारण सांगावं लागणार. बाबा बोलत राहिले. रात्री झोप लागत नाही, अजून तुझ्या बाजूला उशी ठेवतो, सून चांगली आहे पण तिच्यासमोर रडायची लाज वाटते. सून तिथेच बसली होती, रिकामा मग हातात धरून.

पुढच्या रविवारी लोक खुर्च्या घेऊन आले.

त्यांचंही खरंच होतं म्हणा. बोटी हलत नाहीत, पत्ते खेळून कंटाळा आलेला, त्यात ही फुकटची करमणूक. इंजिन बंद झालं की सगळे ओठांवर बोट ठेवून एकमेकांना गप्प करायचे. बाबा गेले की हसून घ्यायचे. पलीकडच्या बोटीतला दातांचा डॉक्टर आपल्या बायकोला हाक मारायचा, “चिमणे, चहा आण गं!” की धक्काभर हशा. एकदा त्या हशात कॅप्टनही हसला. न हसता तर वेगळा दिसला असता. बायकोने ते पाहिलं. त्या रात्री तिने त्याचं ताट वाढून ठेवलं आणि आत निघून गेली.

त्या दातांच्या डॉक्टरची बायको पूर्वी नाटकांतून कामं करायची. मनाने वाईट नव्हती, असं तिला स्वतःला तरी वाटायचं. एका रविवारी बाबा म्हणाले, “इतके दिवस मी एकटाच बोलतोय. एकदा तरी ‘हो’ म्हण ना.” लोकांनी बाईंना कोपरखळ्या मारल्या. त्या पुढे आल्या, धक्क्याच्या कडेला, बाबांच्या उजव्या कानाच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि हळू, जुन्या वळणाच्या बाईच्या आवाजात म्हणाल्या, “अहो, ऐकतेय मी.”

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून खुर्च्यांतले दोघं-तिघं खाली बघायला लागले. बाकीचे बघतच राहिले.

“चिमणे?”

“हं.”

“बरी आहेस ना? एकटी आहेस?”

“एकटीच आहे हो,” बाई म्हणाल्या. काम रंगत होतं. “तुमचीच वाट बघते.”

कॅप्टनला ओरडायचं होतं. पण ओरडून सांगणार काय? की बाबा, ही ती नाही, हा समुद्र नाही, आणि मी तुमचा मुलगा असून हे सगळं चालू दिलं?

“मग येऊ?” बाबांनी विचारलं.

बाईंना वाटलं, टाळी घ्यायची ती इथेच. “या ना,” त्या म्हणाल्या.

बाबा उठले. सदरा नीट केला. कॅप्टन हात पुढे करेपर्यंत त्यांनी बोटीच्या कडेवरून पाय टाकला आणि खोल पाण्यात म्हणून जी उडी घेतली ती थेट धक्क्याच्या फळ्यांवर.

वीतभर उंची होती. लागलं असं काही नाही, गुडघे तेवढे खरचटले. ओणवे होऊन ते हातांनी चाचपायला लागले. लाकूड. बोट बांधलेली दोरी. खुर्चीचा पाय. मग कुणाचा तरी बूट, त्यात पाय असलेला. तो पाय मागे सरकला. बाबांनी आणखी पुढे हात नेला, तिथेही बूट. हसायचं कुणाला सुचत नव्हतं.

“किती रविवार झाले?” बाबांनी विचारलं.

“बाबा,” कॅप्टन म्हणाला, “पेट्रोल फार महाग झालंय हो.”

अख्ख्या क्लबात ते वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने बोललं होतं.

त्यानंतर बाबांनी ताटाला हात लावला नाही. पाणी प्यायचे, विचारलं तर “भूक नाही” एवढंच. सून रडली, पाया पडली. तिच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला, पण घास घेतला नाही. पुढच्या रविवारी कॅप्टनने दुकानातले चांगले पंप पडेल त्या भावाला फुंकले, टाकी काठोकाठ भरली आणि बाबांना जवळजवळ उचलूनच बोटीत बसवलं. ते नको म्हणाले नाहीत.

दोरी सोडली. बोट खरोखरच निघाली, खऱ्या लाटांवर आपटत, आणि बाबांच्या तोंडावर खरं खारं पाणी उडालं. वाटेत एकही बोट दिसली नाही. असला खर्च करून एवढ्या लांब येणार कोण? दीपस्तंभाच्या मागे कॅप्टनने इंजिन बंद केलं. नजर जाईल तिथवर पाणी, चिटपाखरू नाही. तो आणि त्याची बायको पाठ करून बसली आणि वाट बघायला लागली.

“दीपस्तंभ आला, बाबा,” तो म्हणाला. “खरंच आला. आईशपथ.”

बाबा बोटीची कड चाचपत होते. दोरी हाताला लागली नाही तरी चाचपतच राहिले. मग त्यांनी उजवा कान पुढे करून बराच वेळ कानोसा घेतला. शेवटी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, रिकाम्या समुद्राकडे तोंड करून हात जोडले आणि नम्रपणे म्हणाले, “नमस्कार, मंडळी. आज मला काही बोलायचं नाहीये.”