वण असलेला शिंपला

मित्रांनो, मी एक जुना शिंपला आहे, पार दगड झालेला. सोलापुरात समुद्र कुठला, असं विचारू नका. चुनखडीच्या धोंड्यात अडकून मी मालगाडीने आलो आणि कुंभारीजवळच्या चुन्याच्या भट्टीवर उतरलो.

माझ्या पाठीवर बारीक खड्ड्यांच्या ओळी आहेत. फार फार वर्षांपूर्वी, मी समुद्रात असताना, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे जीव माझ्यावर दाटीवाटीने घरं करून राहायचे. प्रत्येकाने आपल्या घराखाली मला थोडं कोरलं. जीव गेले, घरं झिजली, खड्डे राहिले. मोठे गुणी शेजारी होते ते!

भट्टीवरच्या हरिबाने धोंडा फोडला आणि मी त्याच्या हाती लागलो. त्याने मला भट्टीत टाकलं नाही. धोतराने पुसून शाळेतल्या मास्तरांना दाखवलं. त्यांनी त्याला या खड्ड्यांची सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं, माणूस भेटला बुवा!

कसला माणूस! पुढच्या वर्षी देवीची साथ आली आणि हरिबाने मला शेंदूर फासून लिंबाखाली मांडलं. "हे आईच्या तोंडावरचं वण हायती," म्हणाला. नारळ आले, कोंबड्या आल्या. लोक पाया पडायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग गावात लस टोचणारा आला. धनगराची मायाक्का धावत हरिबाकडे आली.

"दादा, तानीला टोचू का नगं?"

"आई हितं बसलीया आन् तू टोचून घेतीस व्हय? कोपंल की!"

तिने लेकीला मेंढवाड्यात लपवलं. अहो, सगळं ठाऊक असून हा माणूस असं बोलला, आणि तेही माझ्या जिवावर!

तानीला देवी आल्या. ती वाचली, पण डोळे गेले. तरी बिचारी मायाक्का तिला घेऊन नवस फेडायला आली. हरिबाची लेक बनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली, तशी तिच्या चोळीची बाही वर सरकली. दंडावर टोचल्याची खूण होती, साथीआधीची, भरून आलेली.

"दादा, तुमच्या बनीला टोचलंय?"

हरिबा खाली बघत म्हणाला, "तिच्या मामानं नेलं."

"आन् माझी तानी?"

तानीची बोटं तोवर माझ्या खड्ड्यांवरून फिरत होती. मग ती स्वतःच्या गालावरून फिरली.

"आये, देवीला बी माझ्यावानीच झालंय की गं."

"देवी न्हाय ती, पोरी. दगुड हाय. चल."

मित्रांनो, माझा शेंदूर खरवडा आणि मला पुन्हा शिंपला करा, एवढीच विनंती. आणि कुणी माझ्यासारख्याला पुढे करून तुमची पोरं लपवायला सांगितली, तर आधी त्याच्या पोरांचे दंड बघा.